सरुबाईचं मेडल

रणपिशांच्या घरी तेरा एप्रिलची संध्याकाळ म्हणजे मेडलच्या अंघोळीची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी जयंती. पांढरे कपडे इस्त्री होऊन दारामागे टांगलेले, स्वयंपाकघरात दीपालीच्या कुकरच्या शिट्ट्या, बुद्धभूषण गेल्या वर्षीच्या निळ्या पताकांचा गुंता सोडवत बसलेला. आणि बाल्कनीत आबा आणि त्यांची नात अक्षता समोरासमोर मांडी घालून. मध्ये पितळी वाटीत चिंचेचा कोळ आणि शेजारी वर्तमानपत्राच्या पुडीत राख. वारज्याच्या फ्लॅटमध्ये चूल कुठली! आबा ती राख कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून मागून आणायचे, आणि मागताना असा चेहरा करायचे की जणू इस्त्रीवाल्यावरच उपकार करतायत.

मेडल आबांच्या वडिलांचं. राघू रणपिसे, महार पलटण, दुसरं महायुद्ध. एका बाजूला मुकुटवाला राजा, दुसऱ्या बाजूला एक सिंह, आणि सिंहाच्या पायाखाली चेंगरलेला कसला तरी दोन तोंडांचा प्राणी. पहिलीत असताना अक्षताला त्या प्राण्याची फार दया यायची. ती त्याला चिंच जरा कमी लावायची.

आधी राजा, मग सिंह, आणि शेवटी काठ. काठ घासणं हे खरं कसबाचं काम. आबा मेडलच्या वरची दांडी चिमटीत धरायचे, काठाभोवती राखेत बुडवलेली सुतळी गुंडाळायची, आणि अक्षतानं सुतळीची दोन्ही टोकं धरून ताक घुसळल्यासारखं ओढायचं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि त्या तालावर आबा गायचे :

"सात, चार, सिफर, दोन, नऊ,
पाठ घासा मऊ मऊ!"

हे गाणं मुळात मेडलचं नव्हतंच. ते अंघोळीचं गाणं होतं. आबांनी ते म्हणत आपल्या मुलाला, बुद्धभूषणला, न्हाऊ घातलं, मग अक्षताला. सिफर म्हणजे काय, हे घरात कुणालाही माहीत नव्हतं. अक्षताला तो एक साबण वाटायचा. छोट्या गटात बाईंनी, "कोण आकडे म्हणून दाखवणार?" असं विचारल्यावर तिनं उभं राहून ठणकावून सांगितलं होतं, "सात, चार, सिफर, दोन, नऊ!" दीपालीला शाळेत बोलावणं आलं. घरी आल्यावर ती सासऱ्यांना म्हणाली, "आबा, तुमच्या गाण्यापायी पोरगी बालवाडीत नापास होणारी पहिली मुलगी ठरेल." त्यावर आबा म्हणाले, "मी याच गाण्यावर पीएमटीत ड्रायव्हर झालो. तिनं पायलट व्हावं."

तर असं चाललं होतं. यंदा मात्र दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे अक्षता. नववीपर्यंत मागच्या बाकावर बसून वहीत वेली काढणारी ही मुलगी फेब्रुवारीत वक्तृत्व स्पर्धेत उभी काय राहिली, पहिली काय आली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला झाकणच राहिलं नव्हतं. ती आता रिक्षावाल्यांशी बोलायची, बँकेत काउंटरवर बोलायची, राँग नंबर आला तरी त्याच्याशी बोलायची. दुसरी नवी गोष्ट म्हणजे विहारातली भिंत.

जयंतीनंतरच्या रविवारी वंदना झाल्यावर विहाराचे सेक्रेटरी राकेशकाका माइकवर आले. "आपल्या भागातल्या घराघरांतून कोण कोण फौजेत होतं, त्यांची एक भिंत करायची. प्रत्येकाची एक पाटी. फोटो, नाव, पलटण आणि फौजेतला नंबर. बुद्धपौर्णिमेला उद्‌घाटन."

आबा ताठ उठले, टेबलाशी गेले आणि रुमालाची घडी उलगडून त्यांनी मेडल ठेवलं. कालच घासल्यासारखं झळकत होतं.

"वा, रतनकाका! फोटो?"

"फोटो पानशेतच्या पुरात गेला."

"कागदपत्रं?"

"तीबी पुरात."

"नंबर तरी असेल?"

आबांनी टेबलावरचं मेडल उगाच सरळ केलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काका, तुमचं जुनं घर मंगळवार पेठेत ना? जुन्या बाजाराला लागून? तिथं असली मेडलं पोत्यानं मिळायची हो."

लोक हसले. वाईट हेतूनं नाही, रविवारी वंदनेनंतर हसतात तसं. राकेशकाका ओशाळून म्हणाले, "नियम सगळ्यांना एकच करावा लागतो, काका. तुम्ही नंबर आणा, पाटी मी स्वतः ठोकतो."

अक्षता वाट बघत होती. आबांची जीभ म्हणजे दाढीचं पातं. पीएमटीच्या चाळीस वर्षांत त्यांनी भल्याभल्या पॅसेंजरांना दोन शब्दांत खाली उतरवलं होतं. आता त्या मागच्या रांगेचं काही खरं नाही, असं तिला वाटलं. पण आबांनी मेडल रुमालात गुंडाळलं, खिशात ठेवलं आणि चप्पल शोधायला लागले. चप्पल समोरच होती. तरी शोधत होते.

घरी येता येता अक्षतानं जाहीर केलं, "आबा, नंबर मी काढणार."

"कशाला? ऊन किती आहे."

"नंबर काढायला उन्हात जावं लागत नाही. फोन असतो."

तिनं फोन केले. माजी सैनिकांच्या कार्यालयात केला, तिथून मिळालेल्या नंबरावर केला, तिथून सांगितलेल्या तिसऱ्या ठिकाणी केला. तिथला माणूस फार प्रेमळ होता.

"बाळा, सर्व्हिस नंबर सांग, मी लगेच रेकॉर्डला विचारतो."

"सर, तोच तर मला हवाय."

"नंबराशिवाय रेकॉर्ड निघत नाही गं. नावं काय, हजारो असतात."

"मग नंबर कुठे मिळेल, सर?"

"रेकॉर्डमध्ये."

फोन ठेवल्यावर ती पलंगावर आडवी पडून पाच मिनिटं नुसती हसली. मग उठून लॅपटॉप उघडला. दोन दिवस तिनं इतकं वाचलं की दीपाली म्हणाली, "एवढा अभ्यास परीक्षेच्या आधी केला असतास तर!" आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला ते सापडलं. त्या युद्धात हिंदी शिपायांना दिलेल्या मेडलांवर शिपायाचा नंबर आणि नाव ठशानं उमटवलेलं असायचं. राजाखाली नाही, सिंहाखाली नाही. काठावर.

ती धावतच आबांच्या खोलीत गेली. "आबा! मेडल द्या! नंबर आपल्या घरातच आहे!"

खिडकीशी नेऊन तिनं मेडल उन्हात फिरवलं. एकदा, दोनदा. काठ गुळगुळीत होता. अंगठीची आतली बाजू असते तसा. एक ओरखडा नाही.

तिच्या हाताला सुतळीची ती जुनी ओढ आठवली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. लहानपणी तर ती अजून जोर लावायची, कारण आबा म्हणायचे, "शाब्बास! काठ आरशासारखा झाला पाहिजे." झाला होता.

"आबा," ती हळूच म्हणाली, "आपण पुसलाय तो."

आबांनी मेडल तिच्या हातातून घेतलं. त्यांनी काठाकडे पाहिलंसुद्धा नाही. "जाऊ दे. देव करतो ते बऱ्यासाठी, असं म्हणायची आपल्याकडे सोय नाही, नाहीतर तेच म्हणालो असतो."

पण अक्षता जाऊ देणाऱ्यातली राहिली नव्हती. एनसीसीच्या सरांनी तिला एक पत्ता दिला. बुधवार पेठेत, आप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत, बाळ दामले म्हणून एक गृहस्थ आहेत. जुनी नाणी आणि पदकं ओळखतात. पुसलेलंही वाचतात.

"मी नाही येणार," आबा म्हणाले.

"मग मी एकटी जाते."

"मेडल मिळणार नाही."

हे असं आबा कधी बोलायचे नाहीत. अक्षता त्यांच्याशेजारी बाल्कनीत बसली. चहाचे दोन कप दोघांच्या मध्ये. खाली मुलं सायकलींवरून ओरडत होती. तिनं काही विचारलं नाही. वक्तृत्व स्पर्धेत शिकवतात की कधी कधी थांबायचं असतं, ते तिला पहिल्यांदाच उपयोगी पडलं.

"मागच्या रांगेतला तो बोलला ना," आबा म्हणाले, "ते मीबी साठ वर्षं मनात बोलतोय."

"काय?"

"जुन्या बाजाराचं." त्यांनी कप उचलला, न पिताच ठेवला. "पानशेत फुटलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा. दादा, माझे वडील, त्याच्या दोन वर्षं आधी गेलेले. पाणी आलं पाणी आलं म्हणून सगळी वस्ती पळाली, आम्ही उंचावरच्या शाळेत जाऊन बसलो. पाणी उतरल्यावर आलो तर घर कुठं आहे तेच कळेना. नुसता गाळ. दादाची ट्रंक गेली. तिच्यात त्याचा वर्दीतला फोटो, कागद आणि हे मेडल. मी रडलो. दादा गेला तेव्हा रडलो नव्हतो एवढा रडलो. पंधरा-वीस दिवस गेले. एका संध्याकाळी आई माझी, सरुबाई, आली आणि माझ्या हातावर मेडल ठेवलं. म्हणाली, गाळात सापडलं."

"मग?"

"मग काय! अक्षू, गाळात सापडलेली वस्तू मी बघितलेली. आमचा तांब्या सापडला, तो महिनाभर घासला तरी काळा. आणि हे मेडल लख्ख. त्याच आठवड्यात जुना बाजार पुन्हा भरायला लागलेला. आणि आईच्या हातात चांदीचं एक कडं असायचं, ते नव्हतं. विचारलं तर म्हणाली पुरात गेलं. गेलंबी असेल." आबा सायकलींकडे बघत होते. "पोरगं रडतंय म्हणून तिनं बाजारातून कुणाचं तरी मेडल आणलं असंल, तर? तिला वाचता येत नव्हतं. तिला काय, राजा आणि सिंह दिसला की झालं. मी कुणा जाणकाराला दाखवलं नाही ते याच्यामुळं. दुसऱ्याच कुणाचं नाव निघालं, तर मी साठ वर्षं कुणाच्या बापाची पाठ घासत होतो?"

अक्षताला काहीतरी जोरदार बोलायचं होतं. तिला फक्त एवढंच सुचलं, "मग राहू दे, आबा."

रात्री जेवताना आबा भातावर आमटी ओतता ओतता थांबले. "उद्या जाऊ. जे निघंल ते माझ्यासमोर निघू दे."

बसमध्ये आबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. अख्खा कर्वे रस्ता त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. कोथरूडच्या पुढे त्यांना राहवलं नाही. "अहो, गाडी चालवताय का दळण दळताय?" ड्रायव्हरनं आरशात बघितलं. आबा म्हणाले, "बघू नका मागं, पुढं बघा. मागचं बघायला मी चाललोय." अक्षता हसली, आणि मग तिला वाटलं, हे हसण्यासारखं नव्हतं.

दामल्यांचं दुकान पहिल्या मजल्यावर, पुस्तकांच्या एका दुकानाच्या डोक्यावर. जिन्यात पाटी : ‘येथे जुनी नाणी व पदके पाहिली जातात. किती येतील असे विचारणाऱ्यांनी जिना उतरताना डोके सांभाळावे.’ आत टेबलावर दुसरी पाटी : ‘भिंगास हात लावू नये.’ टेबलामागे मे महिन्यात हाफ स्वेटर घातलेले बाळ दामले.

"विकायचंय?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नाही," अक्षता म्हणाली.

"मग बसा आपण."

आबांनी पूर, गाळ, जुना बाजार आणि आईचं कडं, सगळं थोडक्यात सांगितलं. दामल्यांनी मेडल घेतलं, तळहातावर वजन केल्यासारखं केलं, दोन्ही बाजू पाहिल्या. "एक आधीच सांगून टाकतो, नंतर रुसवे नकोत. हे शौर्यपदक नव्हे. युद्धाच्या काळात जे जे फौजेत होते, त्या जवळजवळ सगळ्यांना हे मिळालेलं आहे."

अक्षतानं घाबरून आबांकडे पाहिलं. घरात तर गोष्ट अशी होती की खुद्द राजानं बोलावून दिलं.

आबा म्हणाले, "त्या सगळ्यांत माझा बाप होता का, एवढंच बघायचंय, साहेब."

दामल्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. मग मेडल उभं धरून काठ फिरवला. फिरवता फिरवता थांबले. "हे कशानं घासलंत?"

"चिंच. राख. आणि सुतळी," आबा म्हणाले.

"सुतळी! रोज?"

"वर्षातनं एकदा. एकसष्ट सालापासून."

"वा वा. सरकारनं पोलादी ठशानं माणूस कोरला आणि आपण दरवर्षी प्रेमानं त्याला पुसत आलात. शत्रूला जमलं नसतं ते घरच्यांनी केलं."

"मी पण," अक्षता म्हणाली. आवाज एकदम जाड झाला. "मी पण ओढायचे सुतळी. मी तर जास्त जोरात ओढायचे."

दामल्यांनी टेबलावरची पाटी बाजूला सरकवली आणि भिंग तिच्या हातात दिलं. "रडू नकोस, पाणी पडलं तर मलाही दिसणार नाही. इथं बघ. वरची दांडी काठाला जिथं चिकटते तिथं. तुमची सुतळी इथं येऊन वळत होती. कोपऱ्यात शिरत नव्हती. काय दिसतंय?"

अक्षतानं भिंग डोळ्याशी नेलं. दांडीच्या अगदी बुडाशी, मुंगीच्या पायांसारखं काहीतरी होतं.

"सात?" ती म्हणाली. "सात आहे! आणि… चार."

"नंबर इथूनच सुरू होतो. पुढं?"

"पुढं पुसट आहे." आणि मग, सवयीनं, पुटपुटत, तिला कळायच्या आत, "सिफर."

"काय म्हणालीस?"

"काही नाही. ते… आमचं गाणं आहे. सात-चार आलं की तोंडातून निघतं."

दामल्यांनी भिंग तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. "थांब. एक अक्षर पुढं बोलू नकोस. तुम्हीही नाही, आजोबा."

त्यांनी टेबलाचा दिवा खाली वाकवला, इतका की उजेड काठावर आडवा पडला. एका डबीतून पांढरी पूड काढून बोटानं काठावर चोळली, फुंकली, पुन्हा चोळली. बराच वेळ गेला. खालच्या गल्लीतून कुणीतरी जुन्या गाइड्सचे भाव ओरडत होतं. मग त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि त्यावर तळहात ठेवला.

"हं. आता म्हणा गाणं."

अक्षताचा वक्तृत्वातला पहिला नंबर कुठल्या कुठे गेला. तिनं आबांकडे पाहिलं.

आबा उठून उभे राहिले. का उठले ते त्यांनाही कळलं नसावं. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, बुधवार पेठेतल्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आबा म्हणाले :

"सात. चार. सिफर. दोन. नऊ."

पाठ घासायची ओळ त्यांनी म्हटली नाही.

दामल्यांनी हात उचलला. चिठ्ठीवर लिहिलं होतं : सात, चार, शून्य, मग एक रिकामी जागा, मग नऊ. आणि खाली, ‘दांडीच्या पलीकडे महार शब्दाचं शेपूट.’

"मधला दोन सुतळीनं नेला," दामले म्हणाले. "तो तुमच्या गाण्यातून घ्या. सिफर म्हणजे शून्य. फौजेत तसंच म्हणायचे. हे गाणं कुणाचं?"

"दादाचं," आबा म्हणाले. ते अजून उभेच होते. "अंगणात नळाखाली मला उघडा उभा करायचा. ‘सावधान!’ म्हणायचा. मी ताठ झालो की तांब्या ओतायचा आणि म्हणायचा, ‘नंबर बोल!’ मी हे म्हणायचो. चुकलं तर गार पाणी, बरोबर आलं तर ऊन पाणी. पाठ घासायची ओळ आईनं जोडली." ते थांबले. "मला वाटायचं, खेळ आहे."

"आणि हे पुराच्या आधीचं."

"दादा असतानाचं."

"मेडल हातात आलं पुरानंतर. त्यावर तोच नंबर. मग आता शंका कसली?"

आबा खाली बसले. त्यांनी मेडल हातात घेतलं आणि अंगठा काठावरून फिरवायला गेले, तेवढ्यात दामले ओरडले, "नका! आता तरी नका!" आबांनी अंगठा भाजल्यासारखा उचलला, आणि मग तिघंही हसली. अक्षता हसता हसता रडलीसुद्धा, पण आता पाणी पडलं तरी चालणार होतं.

"पण साहेब," आबा जरा वेळानं म्हणाले, "ते इतकं लख्ख कसं होतं? आणि कडं?"

दामल्यांनी खांदे उडवले. "गाळातून लोकांना जे सापडलं ते त्या दिवसांत जुन्या बाजारातच आलं असणार, दुसरं कुठं येणार? कुणीतरी उचललं, धुतलं, मांडलं. तुमच्या आईनं तिथं ओळखलं असेल."

"तिला वाचता येत नव्हतं."

"मग कसं ओळखलं ते मला नका विचारू. मला फक्त वाचलेलं ओळखता येतं."

जिना उतरताना आबांनी डोकं सांभाळलं. चौकात आल्यावर ते एकदम थांबले, भर गर्दीत. मागून येणारा दुचाकीवाला ओरडला. आबांना ऐकूच गेलं नाही.

"अक्षू, ह्याच्या दांडीला एक दातरा आहे बघ. बारीकसा. मी लहानपणी चावलो होतो. आईनं पाठीत धपाटा घातला होता." त्यांनी रुमाल उघडला. दांडीच्या डाव्या टोकाला, हो, एक खोल खूण होती. घासताना रोज दिसायची. ‘रोज’ म्हणजे वर्षातून एकदा. "साठ वर्षं माझ्यासमोर होती. मी बघितलं नाही, कारण मला बघायचंच नव्हतं. तिला वाचायची काय गरज! तिनं माझे दात ओळखले."

परतीच्या बसमध्ये डेक्कनला पूल लागला तेव्हा आबा नदीकडे बघून एवढंच म्हणाले, "कडं देऊन आणलं गं तिनं." जणू आई शेजारच्याच सीटवर होती आणि तिचंच तिला सांगत होते.

नंबर मिळाल्यावर अक्षतानं त्या प्रेमळ माणसाला पुन्हा फोन केला. "सर, रेकॉर्डशिवाय नंबर मिळाला!" त्यानं अर्ज कुठं आणि कसा पाठवायचा ते सांगितलं, आणि, "कुठं मिळाला?" असं विचारलं. "बाथरूममध्ये," अक्षता म्हणाली, आणि मग सगळी गोष्ट त्याला ऐकवली. अर्ज गेला. उत्तर यायला वेळ लागेल असं तो म्हणाला. राकेशकाकांना मात्र उत्तराची वाट बघायची नव्हती. दामल्यांची चिठ्ठी आणि आबांचं गाणं त्यांनी विहारात सगळ्यांसमोर ऐकलं, मागच्या रांगेलाही ऐकायला लावलं, आणि म्हणाले, "कागद येईल तेव्हा येईल. पाटी करायला टाकतो."

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी भिंतीवर पाट्या लागत होत्या. राघू रणपिसे, महार पलटण, नंबर ७४०२९. फोटोची चौकट रिकामी.

"काका, दुसऱ्या कुणाचा वर्दीतला फोटो चालेल का? नमुना म्हणून?" राकेशकाकांनी विचारलं.

आबांनी सदऱ्याच्या खिशातून एक फोटो काढला. नऊवारीतली एक म्हातारी, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याकडे रागानं बघतेय. दोन्ही मनगटं उघडी.

"अहो काका, ही तर तुमची आई. या भिंतीवर फौजी लोक आहेत."

"माहिती आहे मला. लावा."

"पण लोक विचारतील ना!"

"विचारू द्या. ही आहे सांगायला." आबांनी अक्षताकडे बोट केलं. "हिचं तोंड आता बंद होत नाही."

राकेशकाकांनी डोकं खाजवलं, फोटो चौकटीत सरकवला आणि पाटी उचलली. मागे अडकवायला तार सापडेना. सगळे इकडं तिकडं शोधायला लागले. अक्षतानं पिशवीत हात घातला आणि राखेनं करडी झालेली सुतळी काढून त्यांच्या हातात दिली.

"घ्या काका," ती म्हणाली. "हिला आता घरी काही काम नाही."